मोर हौद

पत्र आधी गेलं पाणीपुरवठ्याला,
तिथून बांधकामला, बांधकामहून उद्यान विभागाला,
आणि कुणालाच नको म्हणून माझ्या टेबलावर.
अभिलेख कक्ष, तळघर, पंखा बंद.

स्कॉटलंडातल्या कुठल्याशा खेड्यातून
इशबेल म्यूर लिहीत होती:
चर्चच्या आवारातले दगड आम्ही तिघीजणी
दर शनिवारी ब्रशनं घासतो.
शेवाळाखालून माणसं निघतात.
मागच्या महिन्यात आमच्याच घरातला एक निघाला.
डेव्हिड, नळ जोडणारा मिस्त्री.
पुढे नुसतं ‘नाशिक’,
आणि तारखेची जागा कोरी.
तुमच्याकडे आहे का तो?

आहे का तो.
शेजारी जाऊन विचारावं तसं,
आमची किल्ली राहिलीय का तुमच्याकडे.

शरणपूरच्या दफनभूमीत गेले.
सायमन पवारांनी वही काढली,
वाळवीनं आमच्याआधी वाचलेली.
‘म’ची पानं अख्खी तिच्या पोटात.
दगडही पाहिले, उन्हात, छत्री धरून.
एका मेजरची बायको, दोन तान्ही मुलं, एक घोडेवाला.
म्यूर नाही.

मग एका दुपारी, भलतंच शोधताना,
मोडीतला कागद:
म्यूरसाहेबाचा हौद, गळती.
अकरा वर्षांनी दुसरा:
मयूर हौद, गळती.
आणि मग टाइप केलेला, जांभळ्या कार्बनचा:
मोर हौद. गळती.

हसले, तळघरात एकटीच.
मोर हौद म्हणजे माझ्या माहेरच्या बोळाच्या तोंडचा,
गंगेकडे उतार लागतो तिथला.
आम्हाला सांगितलेलं, इथे मोर यायचे पाण्याला
पलीकडून, पंचवटीतून, पात्र ओलांडून.
आत्या तर शपथेवर सांगायची, तिनं पाहिलाय.
दर गणपतीत मंडळ त्यावर मोर रंगवतं,
पिसारा थेट तोटीपर्यंत.
आणि होता कोण,
तर उन्हानं मान लाल झालेला एक फिटर,
ज्याला ती गळती काही थांबवता आली नाही.

कळवलं तिला.
उत्तरात हसणं नव्हतं.
आमच्या बोलीत म्यूर म्हणजे माळ, तिनं लिहिलं,
झाड नसलेला, नुसत्या वाऱ्याचा.
आणि खाली, तिरक्या अक्षरात:
तो एकटाच थोडाच खणत असेल?
बाकीचे कोण होते?

एकतीस वर्षं फायली दिल्या मी लोकांना,
वारसाच्या, हद्दीच्या, भाऊबंदकीच्या.
बाकीचे कुणी मागितले नव्हते.

हजेरीपट काढला.
बाप्ये सत्तावीस, बाया अकरा, पोरं चार.
पान उलटलं, पुन्हा तेच.
मग अंगठे. शाई इतकी विटलेली
की कुठली रेघ अंगठ्याची, कुठली कागदाची कळेना.
नाव एकच सापडलं, दंडाच्या रकान्यात:
येल्लव्वा वडारीण. खापरी नळी फोडली.
दोन आणे कापले.

दंड झाला म्हणून उरली.
ज्या दहाजणींनी काहीच फोडलं नाही
त्या तशाच गेल्या,
डोक्यावरच्या पाटीसकट.

संध्याकाळी बोळात गेले.
कोकणीपुऱ्याचा तन्वीर शिडीवर,
दोन्ही कोपरांपर्यंत निळा.
‘काकू, यंदा पिसारा मोठा घेऊ?’
मी सांगायलाच आले होते की मोर नव्हताच.
आत्याची शपथ आठवली.
घे म्हटलं, मोठा घे.
फक्त खालची शिळा सोड.

त्या शिळेला हात लावला.
सांध्यातून अजून ओल येते,
शेंदूर लावायला कुणी तरी चुकून सुरुवातही केलीय.

तन्वीरला अक्षरं सांगितली.
ये, ल ला ल, मग व ला व.
‘कोण ही?’
‘हिनं नळी फोडली होती.’
‘बस, एवढंच?’
एवढंच लिहिलंय, म्हटलं.
त्यानं पांढरा ब्रश धुतला, अंगाला पुसला,
आणि पिसाऱ्याच्या खाली
जरा वाकडंच लिहिलं ते नाव.

इशबेलला फोटो पाठवायचाय.
गळती तेवढी येत नाही त्यात,
तीनदा काढून पाहिला.